क्ष-किरणांत ठिपका दिसतो, जवळचा तारा जुळत नाही: आता काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चंद्रा या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीच्या खुल्या संग्रहातलं २००४ सालचं एक २० हजार सेकंदांचं निरीक्षण तुम्ही उघडलंत. चित्राच्या मध्यापासून सात आर्कमिनिटांवर (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आणि आर्कसेकंद त्याचाही साठावा) ३८ फोटॉनांचा, म्हणजे प्रकाशकणांचा, एक पुंजका दिसला. सिम्बाद या आकाशस्थ वस्तूंच्या ऑनलाइन नोंदवहीत त्या जागी कसलीच नोंद नाही. गाया उपग्रहाच्या तारासूचीतला सर्वांत जवळचा तारा १६व्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद), लालसर आहे, पण तो ईशान्येला २.८ आर्कसेकंदांवर. म्हणून तुम्ही विचारता: दृश्य प्रकाशात काहीच नाही आणि क्ष-किरणांत आहे, तर हे एकटं भटकणारं कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा असू शकेल का?

असू शकेल. पण तिथवर पोचायच्या वाटेवर बरीच साधी उत्तरं उभी आहेत, आणि त्यांतल्याच एकापाशी हा शोध थांबेल असं तुम्ही जोडलेल्या तक्त्यावरून मला वाटतं. का ते सांगतो.

"हे काय आहे?" हा प्रश्न आपल्याला सगळ्यात आधी सुचतो, पण त्याचा नंबर शेवटचा. त्याआधी ठिपका खरा आहे का, तो नेमका कुठे आहे आणि त्या जागी दिसणाऱ्या वस्तूंपैकी कोणती त्याची, हे ठरवावं लागतं. क्ष-किरण खगोलशास्त्राच्या सुरुवातीलाच हे घडलं. जून १९६२मध्ये रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या रॉकेटने सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत पकडला, स्कॉर्पियस एक्स-१. आकाशातला इतका झगझगीत स्रोत, तरी तो कोणत्या ताऱ्याचा हे कळायला १९६६ उजाडलं. त्या रॉकेटवरच्या उपकरणांना चित्र काढता येत नव्हतं, स्रोत साधारण कुठल्या दिशेला आहे एवढंच कळत होतं. पुढे जाळीदार समांतरकांनी (ठरावीक दिशेचेच किरण आत सोडणाऱ्या जाळ्यांनी) जागा आक्रसत आणली, तेव्हा तिथे १३व्या प्रतीचा एक निळा तारा सापडला. तो आधीच्या छायाचित्रांवरही होताच, फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारं कोणी नव्हतं.

आता तुमचा ठिपका खरा आहे का ते पाहू. सात आर्कमिनिटांवर चंद्राची प्रतिमा पसरट होते, त्यामुळे फोटॉन मोजायला साधारण पाच आर्कसेकंद त्रिज्येचं वर्तुळ घ्यावं लागतं. २० हजार सेकंदांत तेवढ्या जागेत पार्श्वभूमीचे एखाद-दुसरे फोटॉन पडतात. तुमच्याकडे ३८ आहेत, म्हणजे योगायोगाचा प्रश्न नाही. (पाच-सहा फोटॉनांचा ठिपका असता तर मी इथेच थांबवलं असतं. ठिपके शोधणाऱ्या प्रोग्रॅमला दशलक्षात एक अशी मर्यादा घालून दिली, तरी १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलांच्या एका चिपवर सरासरी एक खोटा ठिपका निघतोच.) उरते ती उपकरणाची खोड. एखादा पिक्सेल बिघडलेला असतो, किंवा वैश्विक किरणाचा कण आदळल्यावर तो काही सेकंद चमकत राहतो. त्यासाठी सोपी चाचणी आहे. चंद्रा आकाशाकडे एकटक पाहत नाही, ती मुद्दाम डोलते: दोन्ही बाजूंना आठ-आठ आर्कसेकंद, एका दिशेत १००० सेकंदांत तर दुसरीत ७०७ सेकंदांत एक हेलकावा. दुर्बिणीची दिशा क्षणोक्षणी नोंदलेली असल्याने अंतिम चित्रात ही हालचाल पुसली जाते. तेव्हा ३८ फोटॉन आकाशाच्या निर्देशांकांऐवजी चिपच्या निर्देशांकांत मांडून पाहा. खरा स्रोत असेल तर ते आडव्या-उभ्या हेलकाव्यांच्या जाळीभर विखुरलेले दिसतील. सगळे एक-दोन पिक्सेलांत कोंबलेले असतील तर तो चिपचा डाग.

या डोलण्याने मलाही एकदा फसवलंय. चिपच्या कडेजवळच्या एका स्रोतात ७०७ सेकंदांचा सुरेख आवर्तकाळ सापडला म्हणून मी हर्षभरित होऊन रात्रभर आलेख काढले. सकाळी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आकडा पाहिला आणि फक्त म्हणाला, "कडेवरून आत-बाहेर होतोय तो." तेव्हापासून कुठलाही आवर्तकाळ दिसला की मी आधी उपकरणाची घड्याळं तपासतो.

दुसरा टप्पा जागेचा, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. मध्यभागी चंद्रा अर्ध्या आर्कसेकंदाइतकं बारीक पाहते, पण ही ख्याती मध्यापुरतीच. सात आर्कमिनिटांवर आणि ३८ फोटॉनांत केंद्रबिंदूची अनिश्चितता एक-सव्वा आर्कसेकंद होते. त्यात दुर्बिणीच्या एकूण दिशेची चूक धरा, पाऊण-एक आर्कसेकंदाची. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की साधारण दीड आर्कसेकंद. ही तुमच्या ठिपक्याची हद्द. दिशेची चूक तुम्हाला कमीही करता येईल. त्याच चित्रातले आणखी पाच-सहा ठिपके घ्या, ज्यांची तारा किंवा क्वासार (दूरच्या दीर्घिकेचं झगझगीत केंद्र) म्हणून ओळख पक्की आहे, त्यांच्या गायातल्या जागा ताडून पाहा, आणि सगळे एकाच बाजूला सरकलेले दिसले तर पूर्ण चित्र तेवढं सरकवा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून लोक टाळतात आणि पुढे पस्तावतात.

हद्दीच्या त्रिज्येला एवढं महत्त्व का, ते आकड्यांत पाहू. समजा, त्या भागात गायाचे दर चौरस आर्कमिनिटाला पाच तारे आहेत. दीड आर्कसेकंद त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे सात चौरस आर्कसेकंद, आणि चौरस आर्कमिनिटात ३६०० चौरस आर्कसेकंद. म्हणजे काहीही संबंध नसलेला तारा त्या वर्तुळात येण्याची शक्यता जेमतेम एक टक्का. हाच स्रोत जुन्या सर्वेक्षणातला असता आणि हद्द पंधरा आर्कसेकंदांची असती, तर क्षेत्रफळ शंभरपट झालं असतं आणि तीच शक्यता ६३ टक्क्यांवर गेली असती. तेव्हा "वर्तुळात तारा सापडला" या वाक्याला काही अर्थच उरत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी, तसं ते. आकाशगंगेच्या केंद्राकडे बघत असाल तर ताऱ्यांची दाटी इतकी असते की दीड आर्कसेकंदाची हद्दही मोठी पडते. तुमचं निरीक्षण आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर आहे, हे तुमचं नशीब.

या हिशेबाने २.८ आर्कसेकंदांवरचा तारा बाहेर पडतो. तुम्ही तो बाद केलात, आणि त्या क्षणी तुमच्यापुढे जे होतं त्यावरून बरोबरच केलंत. पण एक गोष्ट राहिली. क्ष-किरणांचं चित्र २००४चं आहे आणि गायाच्या तिसऱ्या सूचीतल्या जागा २०१६च्या. मधली बारा वर्षं तारा गप्प बसलेला नाही. तुमच्याच तक्त्यात त्याची स्वगती, म्हणजे आकाशात सरकण्याचा वेग, आहे: विषुवांशाच्या (पूर्व-पश्चिम) दिशेने दर वर्षी १३४ आणि क्रांतीच्या (उत्तर-दक्षिण) दिशेने १३५ मिलिआर्कसेकंद. दोन्ही धन, म्हणजे तारा ईशान्येकडे चाललाय, वर्षाला एकूण १९० मिलिआर्कसेकंद. बारा वर्षांत २.२८ आर्कसेकंद. २०१६मध्ये तो ठिपक्याच्या ईशान्येला २.८वर होता, तर २००४मध्ये तो सुमारे अर्ध्या आर्कसेकंदावर होता. हद्दीच्या चांगला आत.

असं होतं हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता कुठलीही जुळणी करण्याआधी तारे निरीक्षणाच्या तारखेला नेऊन ठेवतो. जवळचे लाल बटू तारे भरभर सरकतात आणि त्यांतलेच बरेच क्ष-किरणांत चमकतात, त्यामुळे ही चूक नेमकी हमखास उत्तराच्या ठिकाणी होते.

तरीही "जागा जुळली, झालं" असं मी म्हणणार नाही. उमेदवार मिळाला, आता त्याची उलटतपासणी. क्ष-किरण निरीक्षणाची मजा ही की तुमच्याकडे निव्वळ चित्र नाही, प्रत्येक फोटॉनची वेगळी नोंद आहे: कधी आला, कुठे पडला, किती ऊर्जेचा होता. ३८ म्हणजे फार नाहीत, पण बोलतात.

वेळा आधी. तुम्ही दिलेल्या यादीत पहिल्या तासाभरात २२ फोटॉन आहेत आणि उरलेल्या साडेचार तासांत १६. स्रोत स्थिर असता तर पहिल्या तासात सातच्या आसपास यायला हवे होते. सातच्या जागी २२ हा योगायोग नाही, कशाचा तरी भडका उडालाय. लाल बटू ताऱ्यांवर चुंबकीय क्षेत्राच्या गुंत्यातून असे भडके उडतात. चढ झटपट, उतार सावकाश. दूरच्या दीर्घिकांची क्रियाशील केंद्रकंही (त्यांच्या मध्यावरची, वायू गिळणारी महाकाय कृष्णविवरं) कमी-जास्त होतात, पण तासाभरात तिपटीने भडकून विझणं ही सहसा त्यांची चाल नव्हे.

मग ऊर्जा. ३८पैकी ३४ फोटॉन दोन किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली आहेत आणि मधला फोटॉन १.१च्या आसपास. एक किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे सुमारे १.१६ कोटी केल्व्हिन तापमान, आणि अशा ताऱ्यांचा प्रभामंडल, म्हणजे ताऱ्याभोवतीचा विरळ वायू, साधारण तेवढाच तापतो. वाटेत वायूचा जाड पडदा असता तर हे मृदू (कमी ऊर्जेचे) फोटॉन आधी गिळले गेले असते आणि कठीण (जास्त ऊर्जेचे) तेवढे पोचले असते. म्हणजे स्रोत जवळचा आहे, किंवा निदान झाकलेला नाही. नुसत्या ऊर्जेवर मात्र मी फार विसंबत नाही. चौतीस आणि चार अशा आकड्यांवर वर्णपटाचं नेमकं प्रतिमान बसवणं म्हणजे दोन शितांवरून अख्ख्या पंगतीचा अंदाज.

सर्वांत बोलका पुरावा दोन प्रकाशांच्या गुणोत्तराचा. तुमच्या फोटॉनसंख्येवरून क्ष-किरणांचा ओघ ढोबळमानाने दर चौरस सेंटिमीटरला दर सेकंदाला २ × १०⁻¹⁴ अर्ग येतो. गायातला लंबन (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा जेवढी हलल्यासारखी दिसते तो कोन) २० मिलिआर्कसेकंद, म्हणजे अंतर ५० पार्सेक, सुमारे १६३ प्रकाशवर्षं. त्यावरून तेजस्विता ६ × १०²⁷ अर्ग प्रतिसेकंद. या अंतरावर १६व्या प्रतीचा लाल तारा म्हणजे सूर्याच्या काही हजारांशच प्रकाश देणारा बटू. क्ष-किरणांतली त्याची तेजस्विता मात्र सूर्याच्या तोडीची किंवा वरचढ! एकूण प्रकाशाच्या तुलनेत हा वाटा अंदाजे अडीच हजारात एक भरतो. क्रियाशील ताऱ्यांत हा वाटा हजारात एकाच्या आसपास जाऊन अडकतो, भडका सोडला तर त्यापलीकडे सहसा जात नाही. तुमचा तारा त्या छताच्या खाली आहे, म्हणजे त्याला हे झेपतं. हिशेबात वाटा दहात एक आला असता तर मी लगेच म्हणालो असतो की हा तारा नुसता समोर आलाय, खरा धनी मागे दडलाय.

हेच गुणोत्तर उलट बाजूनेही वापरता येतं, आणि तुमच्या मूळ शंकेचं उत्तर त्यात आहे. समजा, तारा सरकलेला नसता आणि वर्तुळ खरंच रिकामं असतं. तरी ते "दृश्य प्रकाशात काहीच नाही" असं झालं नसतं. गायाची नजर साधारण २१व्या प्रतीपर्यंत पोचते. एवढ्या मंद क्ष-किरण स्रोतामागे २२-२३व्या प्रतीची, महाकाय कृष्णविवर पोटात घेऊन बसलेली दीर्घिका असणं हे अगदी रोजचं आहे. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर असे मंद, बेनाव ठिपके बहुतांशी तेच निघतात. म्हणजे "कृष्णविवर आहे का?" याचं उत्तर तेव्हा "हो" असंच आलं असतं, फक्त तुम्हाला हवं होतं ते नाही! एकट्या न्यूट्रॉन ताऱ्याचा दावा करायला आणखी कितीतरी खोल जावं लागतं. आरएक्स जे१८५६.५-३७५४ हा त्या जातीचा नामांकित तारा. क्ष-किरणांत तो तुमच्या ठिपक्याहून शेकडो पटींनी ठळक आहे, आणि दृश्य प्रकाशात २५व्या प्रतीपेक्षाही मंद. तफावत अशी असली की मग कान टवकारावेत.

सिम्बादबद्दल एक सांगून ठेवतो. तिथे नोंद नसणं म्हणजे कोणी पाहिलंच नाही असं नव्हे. चंद्राच्या स्वतःच्या स्रोतसूचीत चार लाखांहून अधिक स्रोत आहेत, तुमचा बहुधा त्यात आहेच. पण त्यातल्या बहुतेकांना आकाशातल्या पत्त्याचा क्रमांक हेच नाव. २०२४च्या जानेवारीत ई-रोसिटा या क्ष-किरण दुर्बिणीची पहिली सूची आली, अर्ध्या आकाशातले सुमारे नऊ लाख स्रोत घेऊन. नाव मिळणं आणि ओळख पटणं यांत किती अंतर असतं ते यावरून समजा.

आणि ओळख पटल्यावरही ती फिरू शकते. गेमिंगा नावाचा स्रोत १९७२मध्ये गॅमा किरणांत सापडला. क्ष-किरणांतला जोडीदार मिळाला, २५व्या प्रतीचा एक उमेदवार मिळाला, तरी हे आहे काय हे वीस वर्षं ठरेना. मिलानच्या बोलीत त्या नावाचा अर्थ "ते तिथे नाहीच" असा होतो, हा खगोलशास्त्रज्ञांचा विनोद. १९९२मध्ये रोसॅट या क्ष-किरण उपग्रहाच्या नोंदीत २३७ मिलिसेकंदांची धडधड सापडली आणि न्यूट्रॉन तारा म्हणून पक्कं झालं. एम-८२ दीर्घिकेतला एक्स-२ हा क्ष-किरण स्रोत तर इतका प्रखर की सगळे त्याला कृष्णविवर धरून चालले होते. २०१४मध्ये न्यूस्टार या क्ष-किरण दुर्बिणीने तिथल्या एका सुपरनोव्हाकडे बघता बघता त्याच्यात १.३७ सेकंदांचे ठोके पकडले. असे नियमित ठोके द्यायला घन पृष्ठभाग आणि त्याला जखडलेलं चुंबकीय क्षेत्र लागतं. कृष्णविवराकडे ते नसतं, म्हणजे तो न्यूट्रॉन तारा. दोन्ही वेळा चित्र कितीही स्वच्छ केलं असतं तरी भागलं नसतं, वेळेने सांगितलं. तुमच्या नोंदीत मात्र असे ठोके शोधत बसू नका. चंद्राचा कॅमेरा नेहमीच्या पद्धतीत दर ३.२ सेकंदांनी एक फ्रेम वाचतो, त्याहून जलद काही असेल तर ते त्यात दिसणारच नाही. त्यासाठी एक्सएमएम-न्यूटन किंवा नायसर या दुसऱ्या क्ष-किरण दुर्बिणींचा विदा लागेल.

खरंखुरं गूढ हवं असेल तर आस्कॅप जे१८३२-०९११ पाहा. दर ४४ मिनिटांनी रेडिओ स्पंद देणारा हा स्रोत. चंद्रा योगायोगाने त्याच भागातल्या एका सुपरनोव्हा अवशेषाकडे बघत होती, त्यात त्याचे क्ष-किरणही त्याच ४४ मिनिटांच्या तालात सापडले. काही महिन्यांनी पुन्हा पाहिलं तर क्ष-किरण गायब. तो जुना मॅग्नेटार (प्रचंड चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा) की चुंबकीय श्वेतबटूची (विझत चाललेल्या ताऱ्याच्या घट्ट गाभ्याची) जोडी, यावर अजून एकमत नाही. जागा पक्की आहे, ताल पक्का आहे, तरी ओळख नाही. "गूढ" हा शब्द मी अशांसाठी राखून ठेवतो.

तुमच्या ठिपक्याबद्दल आज माझं मत: चुंबकीयदृष्ट्या क्रियाशील लाल बटू तारा, नव्वद टक्क्यांहून अधिक खात्रीने. बाकीचे काही टक्के याचे, की तो तारा फक्त योगायोगाने तिथून जात होता आणि त्याच्या मागे एखादी दीर्घिका आहे. हे टक्के घटवायचे असतील तर ताऱ्याचा दृश्य वर्णपट मिळवा. हायड्रोजनची लाल रेषा, एच-आल्फा, उत्सर्जनात दिसली तर प्रश्न मिटला. १६वी प्रत ही मध्यम आकाराच्या दुर्बिणीच्या आवाक्यातली गोष्ट आहे, आणि कदाचित कुठल्या सर्वेक्षणात हा वर्णपट आधीच पडून असेल. दुसरा मार्ग तर फुकटचा आहे: त्याच भागाचं चंद्राचं किंवा एक्सएमएमचं नंतरचं निरीक्षण संग्रहात शोधा. क्ष-किरणांचा ठिपकाही ईशान्येला सरकलेला दिसला, तर दीर्घिकेचा मुद्दाच निकालात निघेल, कारण दीर्घिका सरकत नाहीत. एक्सएमएमच्या ठिपक्याची जागा आर्कसेकंद-दोन आर्कसेकंदांपर्यंतच कळते, तेव्हा निरीक्षण २०१५च्या पुढचं असेल तरच त्यातून काही हाती लागेल.

आणि त्या पहिल्या तासातल्या २२ फोटॉनांच्या वेळा दहा-दहा मिनिटांच्या गठ्ठ्यांत मांडून कळवा. निरीक्षण सुरू झालं तेव्हा भडका आधीच उतरणीला लागला होता की चढही आपल्या हाती लागलाय, हे मला पाहायचंय.